दस्तगीर मास्तरांचा दर्या

मानवतला समुद्र आला तो एका सोमवारी, मधल्या सुट्टीत. हैदराबाद राज्य मोडून आमचा मराठवाडा मुंबई राज्यात गेला होता आणि नव्या राज्याचा नकाशा येऊन शाळेच्या भिंतीवर लागला होता. आम्ही मास्तरमंडळी चहा पीत बसलो होतो. तेवढ्यात ड्रिलचे दस्तगीर मास्तर आत आले, खुर्चीवर चढले, गळ्यातली शिट्टीची दोरी काढली आणि तिचं एक टोक मानवतवर नि दुसरं निळ्या रंगावर धरून बोटं मोजायला लागले.

"नऊ बोटं," ते म्हणाले. "बगा. कालपोत्तर आपल्याकडं हिरीच व्हत्या. आता दर्या हाय. सरकारी कागदावर हाय."

गणिताचे मास्तर म्हणाले, मग आता मीठ आणायला तिकडंच जात जा. सगळे हसले. दस्तगीर मास्तर हसले नाहीत. खाली उतरले, खुर्चीवरची धूळ हाताने पुसली आणि विचारलं, दर्या आपल्या हद्दीत आला तर तो राखायचा कुणी? तिथे आपल्या जिल्ह्याचं कोण आहे? परभणी जिल्ह्याचं माणूस आरमारात असल्याचं आमच्यातल्या कुणी ऐकलं नव्हतं. "तेच इचारायलोय मी," मास्तर म्हणाले आणि घंटा द्यायला निघून गेले.

मी त्या शाळेत तेव्हा नवा होतो. पालमच्या बाजूचं आमचं गाव, घरात मेंढरं. सात पिढ्यांत शाई लागलेला पहिला हात माझा. औरंगाबादेहून बी.ए. होऊन आलो होतो आणि ते मी कुणाला विसरू देत नव्हतो. दस्तगीर मास्तर मला 'बी.ए. साब' म्हणायचे. ही थट्टा आहे की मान, हे कळायला मला वर्ष लागलं. दोन्ही होतं.

मास्तर पन्नाशीकडे झुकलेले, उंच, वाळक्या शेंगेसारखे. दाढी बारीक कातरलेली. खाकी पँटीला तांब्यात निखारे घालून स्वतः इस्त्री करायचे, आणि ती इस्त्री मोडू नये म्हणून शाळेत कधी बसायचे नाहीत. वर्गात उभे, चहाला उभे, पगाराच्या दिवशीही उभे. निजामाच्या फौजेत होते. ते राज्य गेलं, फौज मोडली आणि ते आमच्या शाळेत आले. त्या दिवसांबद्दल ते बोलत नसत. गावातली माणसं त्यांच्यासमोर बोलत नसत, पाठीमागे बोलत. आरमाराचं वेड त्यांच्या डोक्यात शिरलं तेव्हा बाजारातला एक आडत्या म्हणालाच, ह्यांना काहून हिंदुस्थानच्या आरमाराची उठाठेव? ते मास्तरांच्या कानावर गेलं. ते एवढंच म्हणाले की मी पोरं देतो, घ्यायचं का न्हाई ते सरकार बघंल.

पोरांना त्यांनी कधी मारलं नाही. त्यांची शिक्षा निराळी होती. मैदानाच्या कडेला एक कडुनिंब होता. ज्याने काही केलं असेल त्याने त्या झाडापुढे ताठ उभं राहायचं आणि आपण काय केलं ते पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने सांगायचं. "मला नगं सांगू. त्याला सांग. त्यो मधी बोलत न्हाई," असं म्हणायचे. शेंगा चोरणारी, पाटी फोडणारी, शाळा बुडवणारी पोरं झाडाला सगळी हकीकत सांगायची आणि मागे अख्खी शाळा ऐकत उभी असायची. मार परवडला, असं पोरं म्हणत.

तर आरमार. वर्षभराने वर्तमानपत्रात आलं की दिवाळीनंतर आरमाराचे भरतीचे साहेब परभणीला येणार, शिकलेली तरुण पोरं घेणार. मास्तरांनी तो कागद माझ्याकडून तीनदा वाचून घेतला. तिसऱ्यांदा वाचताना त्यांचे डोळे असे झाले होते की मीही उभाच राहिलो. ह्या दिवसाची तयारी त्यांनी नकाशा लागला तेव्हाच सुरू केली होती, आणि ती सगळी त्यांच्या स्वतःच्या डोक्यातून.

छाती-उंची त्यांनी बघितलीच नव्हती. ते साहेब लोक बघतील म्हणाले. त्यांनी एक आडदांड गोऱ्हा मागून आणला होता आणि एकेका पोराच्या हातात दोर दिला होता. बांध म्हणायचे. बांधून झालं की गोऱ्ह्याच्या पाठीवर थाप मारायचे. गोऱ्हा उसळायचा. गाठ सुटली की पोरगं बाद. गाठ टिकली तर म्हणायचे, आता सोड. दात लावून, नखं मोडून सोडणाराही बाद. "गाठ धरली बी पायजे आन म्हटल्याबरोबर सुटली बी पायजे. जहाज म्हंजे काय? दोरच दोर," हे त्यांचं म्हणणं. जहाज त्यांनी पाहिलं होतं ते एका कॅलेंडरवर.

एका कापूसवाल्याचा पैलवान मुलगा असा बाद झाला. बाप तणतणत शाळेत आला की माझ्या पोरात काय कमी आहे. मास्तरांनी दोर त्याच्या हातात दिला. त्या शेटनेही ईर्ष्येने गोऱ्हा बांधला. थाप पडली आणि गोऱ्हा दोरासकट सुटला तो थेट कापसाच्या बाजारात शिरला. मागे शेट, त्याच्या मागे पोरगा, त्यांच्या मागे अख्खी शाळा. गोऱ्हा सापडला तेव्हा त्याच्या शिंगांना कापूस आणि शेटच्या धोतराचा सोगा होता. त्यानंतर कुणी वाद घालायला आलं नाही.

अशी अकरा पोरं उरली. त्यांत सगळ्यांत चोख गाठ मारुतीची. तो आमच्याच बाजूचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. बाप नव्हता. आई गयाबाई आणि एक चुलता. चुलत्याने त्याचं नाव ऊसतोडीच्या टोळीत घातलं होतं. दिवाळी झाली की गाड्या नगरकडे निघायच्या. मास्तर चुलत्याला भेटायला गावी गेले. चुलता माणूस वाईट नव्हता, पण त्याचाही हिशेब होता. भरतीसाठी आठ रोज टोळी थांबवतो म्हणाला. आठ रोजांत सरकारने नेलं तर नेलं, नाहीतर पोरगं माझ्या गाडीत. पुढच्या वर्षी परत बसावं म्हटलं तर मारुतीचं वय उलटून जात होतं. म्हणजे जे काय ते ह्याच आठवड्यात.

आणि ते माझ्या हातून जवळजवळ बुडालंच होतं. अर्ज इंग्रजीत भरायचे होते, तेव्हा ते काम अर्थातच माझं. पोरांचे जन्म शाळेच्या जुन्या वहीत उर्दूत, आणि साल फसली. निजामाच्या राज्यात कचेरीचं साल तेच होतं. मला उर्दू येत होतं, बेरीजही येत होती. फसली सालात ठरलेला आकडा मिळवला, इंग्रजी साल काढलं, आणि बघतो तर अकरातली सात पोरं वयाने मोठी. मारुतीही त्यांतच. मी गंभीर चेहरा करून मास्तरांना सांगितलं की नियम म्हणजे नियम, आपला इलाज नाही.

मास्तरांनी वही बघितली. मारुतीचा महिना कोणता म्हणून विचारलं. मी म्हटलं, खुर्दाद. तेव्हा त्यांनी माझ्यासमोर बोटं धरली. "फसली साल आक्टोबरात लागतं. अजुर, दै, बहमन. ह्या तीन महिन्यांना तुमचा आकडा बराबर. त्याच्या म्होरं जानेवारी लागतो. इंग्रजी साल बदलतं, फसली बदलत न्हाई. म्हंजे राह्यलेल्या नऊ महिन्यांना एक जास्ती मिळवायचा, बी.ए. साब."

मी सगळ्या पोरांना एकेक वर्ष म्हातारं केलं होतं. परत बेरजा केल्या तर सातही पोरं वयात बसली, मारुती जेमतेम चार महिन्यांनी. मी कागद गोळा करायला लागलो तर मास्तर अगदी अदबीने म्हणाले, "जरा कडुनिंबाकडं येता का?" आणि मी, औरंगाबादचा पदवीधर, त्या झाडापुढे ताठ उभा राहिलो आणि फसली सालाची हकीकत पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने सांगितली. मागे शाळा ऐकत होती. त्या दिवसापासून पोरं मला आपला समजायला लागली.

गयाबाई बाजाराच्या दिवशी आली. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. फाटकाबाहेरच उभी राहिली. मास्तर तिच्याकडे गेले, मी सोबत. ती म्हणाली की ऊसतोड निदान माहितीतली आहे. समुद्राचं कसं, तिथे पाय टेकत नाहीत म्हणतात. मास्तरांनी सांगितलं की पोरगं पाण्यात चांगलं तयार झालंय.

"तुमच्या भरवशावर घालते पाण्यात," ती म्हणाली. "बुडायला लागला तर?"

"माय, पाण्यात मी घातलाय, भाईर बी मीच काढीन."

ती तेवढ्यावर गेली. मास्तर बराच वेळ तिच्या पाठीकडे बघत उभे राहिले. मला वाटलं, जबाबदारीनं.

पाण्याची तयारी सरकारी बागेतल्या विहिरीत चालायची. मोठी, दगडी बांधणीची, उतरायला पायऱ्या. वर्षभर रोज सकाळी अकरा पोरं तिथे. नवख्यांच्या पाठीला वाळका भोपळा, बाकीचे मोकळे. मास्तर वर काठावर उभे, हातात लांब बांबू, तोंडात शिट्टी. एक लांब शिट्टी झाली की पोरं भिंतीच्या कडेकडेने पोहायला लागायची. एकामागे एक, अंतर सारखं, फेऱ्यांवर फेऱ्या. परेडच ती, फक्त ओली. दोन शिट्ट्या झाल्याशिवाय कुणी थांबायचं नाही. शेवटी शेवटी तर शाळेची घंटा व्हायची तरी पोरांचं पोहणं संपायचं नाही. ते बघून माझा ऊर भरून आला, आणि अर्जात पोहण्याच्या रकान्यात मी अकराच्या अकरा पोरांपुढे इंग्रजीत लिहिलं: निष्णात. साधं 'येतं' लिहिलं असतं तर पुढचं काही झालंच नसतं.

परभणीला दोन दिवस भरती चालली. उंची, छाती, डोळे, गणित. आमच्या अकरातून नऊ टिकले. जिल्ह्यातून दुसरेही आले होते, पण एवढी मोठी टोळी कुणाची नव्हती. भरतीचे साहेब कोकणातले, गोरे, ठेंगणे, बोलणं मिठ्ठास आणि नजर कडक. अर्ज चाळता चाळता ते थांबले.

"नऊ निष्णात?" त्यांनी मला विचारलं. "अहो गुरुजी, तुमच्या जिल्ह्यात एवढं पाणी आहे कुठे?"

मी म्हटलं, आहे. ते म्हणाले, पोहायला आम्ही तिथे शिकवतोच, त्याचं काही नाही. पण खोटं लिहिलेला कागद मी पुढे पाठवत नाही. कागद खोटा तर पोरगाही बाद. ते संध्याकाळच्या गाडीने नांदेडला जाणारच होते. वाटेत पूर्णा नदी. तेव्हा दुपारी पुलाखालच्या डोहात सगळ्यांनी हजर व्हायचं. ह्या काठावरून त्या काठाच्या काळ्या खडकापर्यंत जायचं, बस.

गाडीत पोरं गात होती. गात नव्हतो तो फक्त मी. मास्तर मात्र खूश. नदी बघायला मिळणार म्हणून त्यांनी परभणीच्या स्टेशनवर सगळ्यांना पेरू घेऊन दिले.

डोह शांत होता. वर रेल्वेचा पूल, पलीकडे तो खडक. शंभर हात असेल. पहिल्या पोराने काठावरून मुटका मारला, दहा-बारा हात झपाझप मारले आणि सरळ डावीकडे वळला. वळला तो वळतच गेला आणि गोल फेरी पूर्ण करून आमच्या पायाशी येऊन हसत उभा राहिला. साहेब म्हणाले, घाबरला. दुसरा गेला. दहा-बारा हात, डावीकडे, परत. तिसरा तसाच. चौथा तसाच. काठावर धुणं धूत बसलेल्या बाया धुणं थांबवून बघायला लागल्या. पाचवा मारुती. तो जोरात होता, पार मधल्यापर्यंत गेला. आणि तोही वळला, पुलाच्या खांबापर्यंत गेला, खांबाला हात लावला, त्याला भिंत सापडल्याचा काय आनंद झाला असेल, आणि परत आला.

"मास्तर," साहेब म्हणाले, "ही पोरं पोहतायत की तेलाचा घाणा फिरवतायत?"

बाया हसल्या. साहेबांनी अर्जांची चवड उचलली आणि पिशवीत घालायला लागले. मारुती पाण्यात कमरेएवढा उभा होता. काय चुकलं तेच त्याला कळत नव्हतं. मला नगरकडे जाणाऱ्या गाड्या दिसायला लागल्या.

मास्तर पहिल्यांदाच खाली बसले. इस्त्रीची पँट घालून, ओल्या वाळूत, उकिडवे. डोहाकडे बघत राहिले. मग एकदम हसायला लागले, खो खो हसायला लागले.

"साहेब, चूक पोरांची न्हाई, माझी हाय. ह्यांला मी हिरीत शिकिवलं. हिरीला भिंत असती. दहा हात मारले की वळावं लागतं. म्या वर्षभर त्यांला वळायलाच लावलं."

साहेब म्हणाले, समुद्राला भिंत नसते. मास्तर म्हणाले, मान्य. साहेब म्हणाले, मग तुम्ही पोरांना सरळ पोहून दाखवलं का नाही? तुम्हाला तरी येतं का सरळ?

मास्तर उभे राहिले, ताठ, दोन्ही हात मांड्यांना लावून. कडुनिंबापुढे पोरं उभी राहायची तसे.

"मला गोल बी येत न्हाई साहेब. मला पवताच येत न्हाई."

वर्षभर हा माणूस त्या विहिरीच्या काठावर उभा होता. बुटाला पाण्याचा थेंब लागू दिला नव्हता, आणि आम्ही त्याला शिस्त म्हणत होतो. पोरांची तोंडं बघवत नव्हती. मारुती पाण्यातून म्हणाला, "मंग आमाला शिकिवलं कोन?"

"तुमची तुमी शिकलात बेटा. मी वरून वरडलो निस्ता."

मास्तर साहेबांकडे वळले आणि आता त्यांचा आवाज चढला, मैदानावर चढायचा तसा. म्हणाले, कागदावर लिहिलंय पोहता येतं. बुडालं का कुणी? सरळ जायला तुम्ही पंधरा दिवसांत शिकवाल. पण दम कुठून आणाल? तो शिकवता येत नाही. तो ह्यांच्यात आहे का ते बघा, आणि मग कागद फाडा.

साहेबांनी घड्याळ बघितलं. गाडीला अजून वेळ होता. मला वाटतं त्यांनाही आता मजा यायला लागली होती. "बघायचं कसं?" ते म्हणाले.

काठाला भोयाची एक डोंगी होती. मास्तरांनी सांगितलं, ती मधोमध उभी करा. तुम्ही तिच्यात बसा आणि पोरांना तुमच्याभोवती फिरू द्या. तुम्ही म्हणाल तोवर.

डोंगीत भोई, साहेब आणि नावं लिहायला मी. मास्तर काठावर राहतील असं मला वाटलं. त्यांनी पँट गुडघ्याच्या वर दुमडली, एक पाय आत टाकला, डोंगी हलली, त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. दुसरा पाय टाकला. मग डोंगीच्या काठाला दोन्ही हातांनी असे धरून बसले की भोई म्हणाला, मास्तर, लाकूड मोडंल माझं.

मधोमध गेल्यावर त्यांनी एक हात सोडला, शिट्टी तोंडात धरली आणि लांब वाजवली.

नऊ पोरं पाण्यात पडली. डोंगीभोवती नऊ डोकी फिरायला लागली. एकामागे एक, अंतर सारखं, डावीकडून. साहेब आधी हसत होते. दहा मिनिटं झाली, हसायचे थांबले. वीस मिनिटं झाली. पाणी गार होतं, दोन पोरांचे ओठ निळे झाले, ती काठाला गेली. मग आणखी एक. उरलेली फिरतच होती. साहेब घड्याळ हातात घेऊन पुढे वाकले होते, आणि फिरणाऱ्या डोक्यांबरोबर त्यांचंही डोकं फिरत होतं. काठावर आता गुराखी, धुणंवाल्या, स्टेशनातले दोन हमाल असा जमाव झाला होता. पोरगं डोंगीच्या पुढून गेलं की जमावातून आरोळी उठायची. मी नावं लिहायचं विसरलो होतो. मी ओरडत होतो.

पाऊण तासाने चार राहिले. मारुती त्यांत पहिला. साहेबांनी वेगळंच सुरू केलं. पोरगा डोंगीजवळून गेला की ते प्रश्न टाकायचे. पुढच्या फेरीला उत्तर हवं. गावाचं नाव काय. बारा साती किती. आज सकाळी काय खाल्लं. तिघांनी उत्तरं दिली पण धापा टाकत, तुकड्यातुकड्याने. मारुतीची पाळी आली तेव्हा साहेबांनी विचारलं, आरमारात काय म्हणून यायचंय?

मारुती फेरी मारून आला. ओट्यावर बसल्यासारखा, एका दमात बोलला. "चुलता म्हनतो ऊस तोडायला चल. तितंबी गोलच हाय, साहेब. दरसाल जायाचं, दरसाल यायाचं. मला यकदा सरळ जायाचंय."

साहेबांनी घड्याळ खिशात घातलं. "मास्तर, शिट्टी मारा. बास झालं."

मास्तरांना शिट्टी वाजवता येईना. फुंकर निघत नव्हती. मग साहेबांनीच दोन बोटं तोंडात घालून वाजवली, दोनदा.

पूर्णा स्टेशनच्या फलाटावर साहेबांनी चार नावं वाचली. मारुतीचं पहिलं. माझ्या अर्जांवरचा इंग्रजी शब्द त्यांनी सगळीकडे खोडला आणि वर लिहिलं: दम चांगला. राहिलेल्या पाचांपैकी एक पोरगं रडायला लागलं. मास्तर त्याला म्हणाले, सकाळी सहाला मैदानात ये. आणि त्यालाच आपल्या शेजारी बसवून घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी मास्तर आणि मी पालमच्या बाजूला गेलो. गयाबाई मेंढरांच्या वाड्याशी बसली होती, शेजारी चुलता. मी चांगली बातमी सांगायला तोंड उघडलं तर मास्तरांनी मला हाताने थांबवलं. म्हणाले, आधी माझं ऐक. त्यांनी तिला आपलं खोटं सांगितलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, उभं राहून, मोठ्याने. मला पोहता येत नाही, तुझं पोरगं बुडालं असतं तर मी काठावर नुसता उभा राहिलो असतो. आणि मग म्हणाले, तुझं पोरगं घेतलं सरकारने. परवा मुंबईला जायचंय.

चुलत्याने डोक्याचं मुंडासं काढून पुन्हा बांधलं. एक कोकरू गयाबाईच्या पदराला लुचत होतं, त्याला तिने बाजूला केलं.

"कवा येतंय पोरगं परत?"

"सालभरानं. पहिली रजा."

"मंग तवर शिका," ती म्हणाली. "आता वय झालं मनू नका. बोललात ते करून दावा मला."

पुढच्या जूनमध्ये माझी बदली नांदेडला झाली. मास्तरांचं काय चाललंय ते कानावर यायचं, पण खरं कोण सांगतंय आणि थट्टा कोण करतंय, ते कळायचं नाही. कुणी म्हणे ते बागेतल्या विहिरीत पाठीला भोपळा बांधून उतरतात आणि पाचवीतली पोरं वरून शिट्टी मारतात. मी पत्र टाकलं, उत्तरात त्यांनी फक्त माझ्या तब्येतीची चौकशी केली. पुढे निवृत्त होऊन ते लेकीकडे गुलबर्ग्याच्या बाजूला गेले आणि तिकडचेच झाले.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच्या आधी, दिवाळीची सुट्टी संपवून नांदेडला परत जाताना. गाडी पूर्णेच्या पुलावर आली तशी मी सवयीने खिडकीतून खाली बघितलं. काठावरच्या दगडावर घडी घातलेले खाकी कपडे होते, त्यांच्यावर आरमाराची पांढरी टोपी होती, आणि शेजारी एक बाई काठी घेऊन उभी होती. डोहात दोन डोकी. एक काळं, पुढे. एक पांढरं होत आलेलं, मागे, पाणी उडवत, धडपडत. पुलाच्या लोखंडी पट्ट्या मधे मधे येत होत्या. पट्टी, डोह, पट्टी, डोह. मी खिडकीतून अर्धा बाहेर होतो आणि जिवाच्या आकांताने हाका मारत होतो, पण गाडीच्या खडखडाटात काय ऐकू जाणार. डोहाच्या मधोमध मागचं डोकं डावीकडे वळायला लागलं. पुढच्याने थांबून हाक मारली. मास्तरांनी मान वर काढली, खडकाकडे बघितलं आणि समोर हात टाकला. मग पूल संपला.